मोठ्या चाकाची सायकल आणि कमी उंचीचा स्वार



लागण, खोडवा, पाचट, खतांच्या मात्रा आणि तोडणीचा कार्यक्रम या विषयांवर आम्ही या अंकातून नेहमीच लिहीत आलो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे, पण तो आपल्या घरातलाच आहे. उसाच्या बिलाचा हप्ता खात्यावर जमा झाला की घरात पहिली मागणी पोरांची असते. हल्ली ती बहुधा सायकलचीच असते, आणि तीही साधी नव्हे. गिअरची, जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली, डोंगरावर चालणारी अशी ती हवी असते. त्यातही ‘२९ ची’ म्हणजे सर्वांत मोठ्या चाकाची असली तर वर्गात मान वाढतो. अशी सायकल कमी उंचीच्या मुलामुलींना किंवा मोठ्या माणसांना मानवते की नाही, हा प्रश्न आमच्याकडे निदान तीन-चार सभासदांनी काढला. त्याचे उत्तर हो किंवा नाही अशा एका शब्दात देता येत नाही. म्हणून हा लेख.

प्रश्न कसा निघाला तेही सांगतो. गेल्या हंगामात एक सभासद गट ऑफिसात चिठ्ठीच्या चौकशीला आले होते. काम झाले तरी बसून राहिले. आम्ही विचारले, “काय हो, आणखी काही?” तर म्हणाले, “साहेब, पोरीला सायकल घेतली. आठवीत आहे. दुकानदार म्हणाला, मोठ्या चाकाचीच घ्या, वाढत्या अंगाला होईल. घेतली. आठ दिवसांत पडली. समोरून उसाची ट्रॉली आली, पोरगी थांबायला गेली, पाय काही भुईला टेकेना. कोपर फुटलं. नशीब, रस्त्याच्या कडेला पडली. आता सायकल गोठ्यात उभी आहे आणि पोरगी म्हणते, मला सायकल येतच नाही.”

हे शेवटचे वाक्य आम्हाला फार लागले. पैसे गेले ते गेले. पण जी मुलगी पूर्वी शेजारणीची जुनी सायकल घेऊन शाळेत बिनघोर जात होती, ती आता एसटीची वाट बघत फाट्यावर उभी राहते आणि गाडी चुकली की घरी परत येते. दोष तिचा नाही. मग दोष चाकाचा आहे का? तेच आता बघू.

चाकांच्या मापांचा घोळ

बाजारात डोंगरी सायकली म्हणजे माउंटन बाइक मुख्यतः तीन चाकांच्या मिळतात : २६ इंची, २७.५ इंची आणि २९ इंची. हे आकडे टायरसकट चाकाच्या बाहेरच्या व्यासाचे आहेत आणि तेही ढोबळ. खरे माप रिमचे असते. टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास २६ इंचीत ५५९ मिलिमीटर, २७.५ इंचीत ५८४ आणि २९ इंचीत ६२२ मिलिमीटर असतो. म्हणजे २६ आणि २७.५ यांच्यात फरक आहे एका इंचाचा, आणि २७.५ व २९ यांच्यात दीड इंचाचा. नाव ऐकून वाटते तसे २७.५ चे चाक बरोबर मध्यावर नाही, ते २६ ला जवळचे आहे. ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

आता गंमत बघा. आपल्या वडिलांच्या, आजोबांच्या काळची ती काळी, दणकट, रॉड ब्रेकची सायकल आठवा. दुधाच्या किटल्या, गवताचा भारा, कॅरिअरवर बायको आणि दांडीवर पोर एवढे सगळे ती वाहून नेत असे. आपल्या कारखान्याचे चिटबॉय तोडणीच्या चिठ्ठ्या घेऊन वाडीवस्तीवर फिरत ते तिच्यावरच. तिचे चाक २८ बाय दीडचे, आणि रिमचे माप ६३५ मिलिमीटर. म्हणजे आज ज्याला ‘मोठे चाक’ म्हणून मिरवतात त्या २९ इंचीच्या रिमपेक्षा आपल्या जुन्या सायकलीची रिमच १३ मिलिमीटरने मोठी होती! फक्त टायर बारीक असल्याने एकूण चाक ७१ सेंटिमीटरच्या आसपास भरे. २९ इंची जाड टायरचे चाक ७३ ते ७४ सेंटिमीटर भरते, २७.५ चे सुमारे ७० आणि २६ चे सुमारे ६७.

तेव्हा सव्वापाच फुटांची, पाच फुटांची माणसेही मोठ्या चाकावर आयुष्यभर हिंडली, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. आम्ही स्वतः सायकल शिकलो ती सीटवर बसून नव्हेच. दांडीखालून पाय घालून, एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने दांडी धरून, अर्धे पायडल मारत शिकलो. याला कैची म्हणत. मोठे झालो तेव्हा टांग मारून बसायला शिकलो आणि थांबायचे म्हणजे उतरायचे, हे अंगवळणी पडले. गुडघे किती फुटले त्याची गणती नाही. पण त्या वेळी रस्त्यावर होते काय? बैलगाड्या आणि दिवसातून दोन एसट्या. आज हंगामात त्याच रस्त्याने दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर एकामागे एक धावतात. आज पडण्याची किंमत गुडघ्याएवढी राहिलेली नाही. म्हणून ‘आम्ही नाही का शिकलो’ हे उत्तर आता चालणार नाही.

डोंगरी सायकल आली कुठून?

ही सायकल अमेरिकेतली. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मॅरिन नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथली काही तरुण पोरे १९७० च्या दशकात भंगारातल्या जुन्या सायकली घेऊन कच्च्या वाटांनी डोंगर उतरत. १९७६ साली त्यांनी शर्यती सुरू केल्या. उतार असा की तीन-साडेतीन किलोमीटरांत सुमारे ४०० मीटर खाली यायचे. मागच्या चाकाच्या तुंब्यातला ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि प्रत्येक फेरीनंतर तुंबा उघडून नवे ग्रीस भरावे लागे. त्यावरून त्या उताराचे नावच ‘रीपॅक’ पडले. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली, टॉम रिची ही या मंडळींतली पुढे नावारूपाला आलेली माणसे. १९७७ मध्ये जो ब्रीझने डोंगरासाठी म्हणून मुद्दाम नवी फ्रेम बांधली. १९९६ साली अटलांटा येथे हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला.

या सायकलींना २६ इंची चाके लागली ती कोणी हिशेब करून ठरवली म्हणून नव्हे. जुन्या अमेरिकन सायकलींना जे फुगीर टायर येत ते २६ इंची होते आणि जाड टायर दुसऱ्या मापात मिळत नव्हता, एवढेच कारण. पुढे वीस वर्षे तेच माप पक्के झाले. १९९९ साली ६२२ मिलिमीटर रिमवर बसणारा खराखुरा जाड डोंगरी टायर निघाला आणि त्यातून २९ इंची सायकल उभी राहिली. २७.५ इंची माप हे फ्रान्समधील जुने प्रवासी सायकलीचे माप. ते २००७ नंतर डोंगरी सायकलींसाठी पुन्हा वर आले.

मोठ्या चाकाचा गुण काय?

हे समजावून सांगण्यासाठी आम्हाला दूर जायला नको. आपला ट्रॅक्टर बघा. पुढचे लहान चाक सरीत किंवा पाटात पडले की कसे आपटते, आणि मागचे मोठे चाक तीच सरी कशी सहज ओलांडते? जुन्या लाकडी बैलगाडीचे चाक छातीएवढे उंच ठेवत, तेही उगाच नव्हे. चाक जेवढे मोठे तेवढा अडथळा त्याला लहान. दगडाला चाक टेकते त्या ठिकाणी जो चढ तयार होतो तो मोठ्या चाकाला कमी उभा पडतो.

पण हा फायदा किती, तेही मोजून बघावे. साडेसात सेंटिमीटर उंचीचा दगड धरला तर २६ इंची चाकाला तो सुमारे ३९ अंशांचा चढ वाटतो आणि २९ इंचीला सुमारे ३७ अंशांचा. म्हणजे फरक आहे, पण आकाश-पाताळाचा नाही. दिवसभर खडबडीत वाटेवर शेकडो दगड ओलांडणाऱ्याला तो जाणवतो. शाळेच्या डांबरी रस्त्यावर तो कळतही नाही. दुसरे असे की मोठ्या चाकाचा टायर जमिनीला जरा जास्त लांबीत टेकतो, म्हणून भुसभुशीत मातीत पकड बरी राहते. तिसरे, एकदा वेग घेतला की मोठे चाक वेग टिकवून धरते.

या तिसऱ्या गुणाची दुसरी बाजूही आहे. ऑइल इंजिनचे फ्लायव्हील आठवा. फिरायला लागले की छान फिरते, पण हँडल मारताना घाम काढते. मोठे चाक म्हणजे मोठी रिम, मोठा टायर, लांब तारा, म्हणजे वजन जास्त आणि तेही कडेला. थांबून पुन्हा निघताना ते जड लागते. शिवाय पायडलच्या एका फेऱ्यात २९ इंची चाक २६ इंचीपेक्षा सुमारे एक दशांश अंतर जास्त कापते. म्हणजे त्याच गिअरमध्ये चढावर तेवढा जोर जास्त लागणार. चढासाठी हलका गिअर नसेल तर ऐंशी किलोच्या गड्याला हे जाणवणार नाही, पण चाळीस किलोच्या पोरीला पहिल्याच चढावर जाणवेल.

मग अडचण चाकाची की फ्रेमची?

इथे आपल्यातल्या बहुतेकांचा एक समज चुकतो. चाक मोठे म्हणजे सीट उंच, आणि सीट उंच म्हणजे पाय पोचत नाहीत, असे आपण धरून चालतो. तसे नाही. पाय पोचणे न पोचणे हे पायडलच्या आसावर अवलंबून असते. चेनचे दातरे ज्या आसावर फिरते तो आस २६ इंची सायकलीत काय आणि २९ इंचीत काय, जमिनीपासून साधारण ३० ते ३३ सेंटिमीटरवरच ठेवतात. चाके मोठी झाली म्हणून तो वर नेत नाहीत. तिथून सीट किती वर ठेवायची ते तुमच्या पायाच्या लांबीवर ठरते, चाकावर नाही. म्हणजे नीट बसवलेल्या सीटवर स्वाराची बैठक दोन्ही सायकलींत जवळजवळ त्याच उंचीवर येते.

मग पोरगी पडली का? कारण तिच्या सायकलीची फ्रेम मोठी होती. आम्ही त्या सभासदांच्या घरी जाऊन टेप लावून पाहिले. मुलीची उंची १४८ सेंटिमीटर. जांघेपासून टाचेपर्यंत पाय ६७ सेंटिमीटर. आणि सायकलची आडवी दांडी, मधोमध, जमिनीपासून ७७ सेंटिमीटर! सीटवरून पुढे उतरून दोन्ही पाय टेकून उभे राहायला तिला दहा सेंटिमीटर पायच कमी पडत होता. फ्रेम १८ इंची होती. स्वस्त सायकलींत पुष्कळदा असेच असते. चाक एक, फ्रेमचे माप एक, आणि तेच सर्वांच्या गळ्यात. म्हणजे बोल लागला चाकाला आणि चूक होती फ्रेमच्या मापाची.

पण म्हणून चाक अगदीच निर्दोष आहे असेही नाही. फ्रेम लहान केली तरी चाक लहान होत नाही. लहान फ्रेममध्ये मोठे चाक बसवताना कारखानदाराची ओढाताण होते, आणि तिचे चटके कमी उंचीच्या स्वाराला पुढीलप्रमाणे बसतात.

१. हँडल उंच येते. पुढचे चाक मोठे, त्यावर शॉकअपचा चिमटा, त्यावर फ्रेमची नळी, आणि मग हँडल. उंच माणसाला हे सोयीचे पडते. कमी उंचीच्या माणसाची सीट मात्र खाली असते, म्हणून हँडल सीटच्या वर जाते. सपाट रस्त्यावर काही बिघडत नाही, पण उभ्या चढावर अंगाचे वजन मागे राहते आणि पुढचे चाक उचलू लागते.

२. पुढचे चाक बुटाला लागते. लहान फ्रेममध्ये पायडल आणि पुढचे चाक यांच्यात अंतर कमी उरते. हळू चालवत असताना हँडल जास्त वळवले तर बुटाचे टोक टायरला घासते. अरुंद बांधावर किंवा गर्दीत वळताना ही गोष्ट घातक आहे.

३. मागचे चाक जवळ येते. उभा उतार उतरताना स्वार सीटच्या मागे सरकून बसतो. ज्याचे पाय आखूड त्याला मागे सरकायला जागाच कमी, आणि मागचे चाक मोठे असले तर ते अंगाला लागते. डोंगरात खरोखर जाणाऱ्यालाच ही अडचण येते, शाळेच्या वाटेवर नाही.

४. सायकल लांब होते. दोन चाकांतले अंतर वाढते. सरळ चालायला ती स्थिर, पण तीव्र वळणाला जरा आळशी.

५. शॉकअप दबत नाही. यात चाकाचा दोष नाही, पण त्रास हलक्या स्वारालाच. साध्या सायकलींतली स्प्रिंग मोठ्या माणसाच्या वजनाला धरून बसवलेली असते. चाळीस-पंचेचाळीस किलोच्या मुलाखाली ती जेमतेम हलते. म्हणजे शॉकअपचे नुसते वजन वाहायचे, उपयोग काही नाही.

शर्यतवाले काय करतात?

एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग कमी उंचीच्या माणसाने २९ चे नावच काढू नये. पण ऑलिंपिकमधली गोष्ट बघा. २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या डोंगरी शर्यतीत चेक देशाचा उंचापुरा यारोस्लाव्ह कुल्हावी २९ इंची चाकांवर पहिला आला. स्वित्झर्लंडचा नीनो शुर्टर, उंची सुमारे १७३ सेंटिमीटर, २७.५ इंची चाकांवर दुसरा आला. दोघांत अंतर फक्त काही क्षणांचे. पुढे शुर्टरनेही २९ इंची चाके स्वीकारली. टोकियो स्पर्धेत (ती २०२१ मध्ये झाली) आणि २०२४ च्या पॅरिस स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारा इंग्लंडचा टॉम पिडकॉक उंचीने सुमारे १७० सेंटिमीटर, म्हणजे आपल्याकडच्या साध्या गड्याएवढाच. त्याचीही चाके २९ इंचीच. स्त्रियांच्या शर्यतींत १६० सेंटिमीटरच्या आसपास उंचीच्या स्पर्धकही हीच चाके वापरतात. उंच येणारे हँडल खाली आणण्यासाठी त्या हँडलचा दांडा उलटा बसवतात आणि हँडल सपाट वापरतात.

म्हणजे जमते, हे खरे. पण ते कोणाला जमते ते विसरू नये. त्यांची फ्रेम बेताच्या मापाची, चाके हलकी, पाठीशी जाणते मिस्त्री आणि अंगात वर्षानुवर्षांचा सराव. आपण बिलाच्या पैशातून दहा-पंधरा हजारांची लोखंडी सायकल घेतो. तिथे त्यांचा दाखला जसाच्या तसा लागू करणे म्हणजे संशोधन केंद्राच्या प्लॉटवरचा उतारा बघून आपल्या चोपण जमिनीत तेवढाच ऊस मागण्यासारखे आहे.

कंपन्यांनाही ही अडचण ठाऊक आहे. अमेरिकेच्या ट्रेक कंपनीने आपल्या मार्लिन नावाच्या सायकलीत लहान फ्रेमला २७.५ इंची आणि मोठ्या फ्रेमला २९ इंची चाके दिली. विचार असा की चाक माणसाच्या मापात असावे. काही डोंगरी सायकलींत पुढे २९ आणि मागे २७.५ अशी चाके बसवतात. पुढचे मोठे चाक दगड ओलांडते आणि मागे लहान चाक असल्याने अंगाला जागा राहते. आपल्या ट्रॅक्टरच्या बरोबर उलट! हा प्रकार महागड्या सायकलींत आहे. आपल्या मुलांना त्याची गरज नाही. पण जाणकार लोकही चाकाच्या मापापुढे हट्ट धरत नाहीत, एवढे त्यातून दिसते.

माप कसे घ्यावे?

कपड्याचे माप घेतो तसे सायकलीचे माप घरीच घेता येते. मुलाला किंवा मुलीला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे करावे, पायांत वीतभर अंतर ठेवावे. एक जाड वही पायांच्या मध्ये घालून, तिची एक कड भिंतीला टेकवून, सीटवर बसल्यासारखी वाटेल इतकी वर दाबून धरावी. वहीच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलीने खूण करावी. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचे अंतर म्हणजे पायाचे माप. ते कागदावर लिहून खिशात ठेवावे आणि टेप घेऊनच दुकानात जावे.

दुकानात चार गोष्टी बघाव्यात.

पहिली, दांडी. सायकल दोन पायांत घेऊन सीटच्या पुढे उभे केले असता दांडी आणि जांघ यांच्यात डांबरी रस्त्यासाठी निदान पाच सेंटिमीटर आणि कच्च्या वाटेसाठी त्याहून जास्त मोकळी जागा हवी. ही जागा नसेल तर सायकल कितीही आवडो, परत ठेवावी.

दुसरी, सीट. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली नेले असता गुडघा सरळ व्हावा. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात थोडा वाक राहतो, तो बरोबर. या उंचीवर सीटवर बसल्या बसल्या दोन्ही तळवे जमिनीला टेकणार नाहीत, ते कोणत्याच चाकाच्या सायकलीत टेकत नाहीत. म्हणून थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायचा, ही सवय पहिल्याच दिवशी लावावी. नवशिक्याला काही दिवस सीट खाली ठेवून द्यावी, धीर आला की वर न्यावी. सीट वर घेताना नळीवरच्या खुणेच्या पलीकडे कधी काढू नये.

तिसरी, बूट आणि टायर. सीटवर बसवून, पायडल आडवे ठेवून, हँडल दोन्ही बाजूंना वळवून बघावे. बूट टायरला लागला तर ती फ्रेम त्या मुलासाठी लहान चाकाचीच घ्यावी.

चौथी, हात. ब्रेकचे लिव्हर लहान बोटांना सहज पोचते का ते बघावे. बऱ्याच लिव्हरना ते जवळ आणण्याचा स्क्रू असतो. दुकानदाराला तो फिरवून द्यायला सांगावे. हँडल धरताना खांदे ताणले जात असतील तर फ्रेम लांब आहे असे समजावे.

उंचीप्रमाणे ढोबळ अंदाज हवा असेल तर असा : १५० सेंटिमीटरच्या आत उंची असेल तर २६ किंवा त्याहून लहान चाक आणि लहान फ्रेम. १५० ते १६० पर्यंत २६ किंवा २७.५ आणि १३ ते १५ इंची फ्रेम. १६० ते १७० पर्यंत २७.५ सोयीचे, २९ घ्यायचे तर १५ ते १७ इंची फ्रेम मिळाली तरच. त्याच्या पुढे २९ खुशाल घ्यावे. मात्र कंपनीकंपनीत फरक असतो. म्हणून आकड्यापेक्षा टेपवर भरवसा ठेवावा.

एक गोष्ट टायर बदलताना लक्षात ठेवावी. टायरच्या बाजूवर ‘५५-६२२’ असे दोन आकडे कोरलेले असतात. त्यातला दुसरा आकडा रिमचा. जुन्या २८ बाय दीडचा टायर २९ च्या रिमवर बसत नाही, कारण ती ६३५ आणि ही ६२२. तसेच लेडीज सायकलचा २६ बाय एक-तीन-अष्टमांशचा टायर ५९० चा, तो डोंगरी २६ च्या ५५९ रिमवर चालत नाही. नाव एक आणि माप वेगळे. ‘बसवून बघू’ म्हणत कोणी ओढाताण करू लागला तर त्याला थांबवावे.

वाढत्या अंगाचा सदरा

आपण मुलांना सदरा शिवतो तो वाढत्या अंगाचा, म्हणजे दोन वर्षे चालतो. काटकसरीच्या संसारात ते बरोबरच आहे. पण सदरा ढगळ झाला तर फार तर पोरगा बावळट दिसतो. सायकल ढगळ झाली तर पोर ट्रॉलीखाली जाते. सायकल आज बसेल अशीच घ्यावी. पाय वाढले की ती धाकट्याला द्यावी, भावकीत द्यावी, नाही तर विकावी. शेतकऱ्याच्या घरी वस्तू फुकट जात नाही.

त्या सभासदांचेही तसेच झाले. दुकानदाराने सायकल परत घेतली नाही. पण त्यांचा पुतण्या कॉलेजात जातो, उंची १७५ सेंटिमीटर, पायाचे माप ८२. त्याला २९ ची सायकल पाच सेंटिमीटर जागा राखून बरोबर बसली. तो तिच्यावर रोज बारा किलोमीटर जातो आणि खूष आहे. मुलीसाठी तिच्या मामाच्या घरून, मामेबहिणीला लहान झालेली, खाली वाकलेल्या दांडीची २६ इंची जुनी सायकल आणली. दांडी ६० सेंटिमीटरवर. नवे टायर-ट्यूब, नवे ब्रेकचे रबर आणि मागे लाल रिफ्लेक्टर, एवढाच खर्च आला. पहिले दोन दिवस बाप मागून धावला. तिसऱ्या दिवशी पोरगी म्हणाली, “दादा, तुम्ही नका येऊ. मुली हसतात.”

तेव्हा सभासदांना आमची विनंती आहे की सायकल घेण्यापूर्वी पायाचे माप घ्यावे, चाकाच्या आकड्याला भुलू नये, आणि मुलाला किंवा मुलीला सोबत नेल्याशिवाय सायकल घेऊ नये. आणि जे सभासद व वाहनमालक ऊस वाहतूक करतात त्यांनी शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी गावाजवळ वेग आवरावा, ट्रॉलीला मागे लाल कापड व रिफ्लेक्टर लावावेत. सायकल बेताची असली तरी रस्ता सर्वांचा आहे, आणि त्यावरून जाणारी पोरे आपलीच आहेत.